रस्त्याची शिकवणी नेमकी कोणाला?

पायी चालणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी समाजात जाऊन जे काम केले जाते, म्हणजे शाळांतील वर्ग, पथनाट्ये, प्रभातफेऱ्या, चौकातील फलक आणि वस्त्यांतील बैठका, त्याला मराठीत सरसकट ‘जनजागृती’ म्हटले जाते. या शब्दात एक गृहीतक दडलेले आहे: झोपलेली आहे ती जनता, आणि तिला जागे करणारे ते प्रशासन. हे गृहीतक कोठून आले, ते कितपत खरे आहे आणि त्यावर उभारलेल्या उपक्रमांनी खरोखर कोणाचा जीव वाचतो का, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. उपक्रम मात्र दर जानेवारीत, रस्ता सुरक्षा अभियानाच्या निमित्ताने, नेमाने पार पडतात.

प्रथम आकडे पाहावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्ते अपघातांत मरतात आणि त्यांपैकी २३ टक्के पादचारी, तर ६ टक्के सायकलस्वार असतात. भारतात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदींप्रमाणे २०२२ या एका वर्षात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्त्यावर दगावली. त्यांत पादचारी ३२ हजार ८२५, म्हणजे साडेएकोणीस टक्के होते आणि सायकलस्वारांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. प्रत्यक्ष चित्र याहून गडद असण्याची शक्यता आहे, कारण दिल्लीच्या आयआयटीतील दिनेश मोहन आणि गीतम तिवारी यांच्यासारख्या अभ्यासकांनी पोलिसांच्या नोंदी तपासून असे दाखवले आहे, की सरकारी तक्त्यांत पादचाऱ्यांचा वाटा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. पादचारी, सायकलस्वार आणि दुचाकीस्वार यांना मिळून तज्ज्ञ ‘असुरक्षित रस्तावापरकर्ते’ म्हणतात. धडक बसली असता ज्यांच्या शरीराभोवती पत्र्याचे कवच नसते ते असुरक्षित, असा त्याचा साधा अर्थ असून त्यात त्यांच्या वागण्याबद्दल कोणताही शेरा नाही.

पादचाऱ्याला शिकवण्याची कल्पना मोटारीइतकी जुनी नाही. मोटार आली तेव्हा शहरातील रस्ता सर्वांचाच होता. त्यावर मुले खेळत, फेरीवाले उभे राहत आणि माणसे वाटेल तेथून ओलांडत. अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या आरंभी मोटारींखाली सापडून मरणाऱ्यांची, विशेषतः मुलांची, संख्या इतकी वाढली की लोकांचा रोष उघडपणे मोटारींवर वळला. सिनसिनाटी शहरात १९२३ साली ४२ हजारांहून अधिक नागरिकांनी सह्या करून अशी मागणी केली, की शहरातील प्रत्येक मोटारीला ताशी २५ मैलांपलीकडे, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरपलीकडे, धावू न देणारे यंत्रच बसवावे. मोटारविक्रेते आणि मोटारमालकांच्या संघटना या मागणीविरुद्ध कसून एकवटल्या आणि मतदानात तो प्रस्ताव पडला. वेगाला वेसण घालण्याऐवजी रस्ता ओलांडणाऱ्याला वेसण घातली तर प्रश्न मोटारीकडून माणसाकडे सरकतो, हे यानंतर या व्यवसायाच्या चांगलेच ध्यानात आले. ‘जेवॉकिंग’ हा शब्द याच काळात रुजवला गेला. ‘जे’ म्हणजे तेव्हाच्या अमेरिकी बोलीत गावंढळ माणूस. शहराचे रीतिरिवाज न कळणाऱ्याला हिणवण्यासाठी असलेला हा शब्द वाटेल तेथून रस्ता ओलांडणाऱ्याला चिकटवण्यात आला आणि १९२५ साली लॉस एंजेलिसने अशा ओलांडण्यावर दंडाचा नियमही केला. अमेरिकी मोटारमालकांची मोठी संघटना याच दशकात शाळाशाळांत मुलांची सुरक्षा पथके उभी करत होती. हा सारा इतिहास पीटर नॉर्टन या अभ्यासकाने तपशीलवार मांडला असून, शाळकरी मुलांना रस्ता ओलांडण्याचे धडे देण्यामागे निव्वळ वात्सल्य नव्हते, हे त्यातून स्पष्ट होते.

महाराष्ट्रातील शाळांत गणवेश घालून चौकात उभी राहणारी ‘आरएसपी’ची मुले, म्हणजे रस्ता सुरक्षा दलाचे विद्यार्थी, अशाच पथकांच्या कुळातील आहेत. त्या मुलांची शिस्त आणि त्यांच्या शिक्षकांचे कष्ट कौतुकास्पद आहेत, याबद्दल दुमत नाही. तरीही अशा शिक्षणाने अपघात घटतात का, हा वेगळा प्रश्न उरतो. पादचाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या सुरक्षा शिक्षणाबद्दल उपलब्ध असलेल्या सर्व काटेकोर चाचण्यांचा एकत्रित आढावा २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात अशा १५ चाचण्या सापडल्या. शिकवल्याने मुलांचे ज्ञान वाढते आणि ओलांडण्याची पद्धतही काही अंशी बदलते, एवढे त्यांतून दिसले; परंतु दुखापती कमी झाल्या का, हे एकाही चाचणीत मोजलेले नव्हते आणि गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशात झालेली एकही चाचणी त्यात नव्हती. ज्या देशांत पादचारी सर्वाधिक मरतात तेथे या उपायाची परीक्षाच झालेली नव्हती, असा याचा अर्थ होतो.

मुलांच्या बाबतीत अडचण आणखी खोल आहे, कारण ती डोळ्यांत आहे. समोरून येणारे वाहन जवळ येत असल्याची जाणीव मेंदूला त्याची डोळ्यातील प्रतिमा किती वेगाने मोठी होते यावरून होते. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी २०११ मध्ये असे दाखवले, की प्राथमिक शाळेतील मुलांना ताशी २० मैलांहून, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरहून, जास्त वेगाने येणाऱ्या वाहनाचा वेग विश्वासार्हपणे ओळखता येत नाही. ‘उजवीकडे पाहा, डावीकडे पाहा, पुन्हा उजवीकडे पाहा’ हा पाठ बिनचूक म्हणणारे मूलही पाहते, पण त्याला दिसत नाही. या मर्यादेवर कोणत्याही घोषवाक्याचा इलाज नाही. इलाज आहे तो शाळेच्या रस्त्यावरचा वेगच ताशी ३० किलोमीटरच्या आत आणण्याचा.

वेगाचे गणित खरे तर प्रत्येक वाहनचालकाला शिकवले जावे असे आहे आणि ते विलक्षण सोपे आहे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार त्या सेकंदात ८ मीटरहून थोडी अधिक पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असल्यास आणखी सुमारे ५ मीटरांत थांबते. एकूण अंतर झाले १३ मीटर. ताशी ५० च्या वेगाने येणारी मोटार त्याच एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे जेथे पहिली मोटार पूर्ण थांबली, तेथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. तेथे उभ्या असलेल्या माणसावर ती पूर्ण ५० च्या वेगाने आदळते. शिवाय धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने हा आघात ३० च्या वेगातील आघाताच्या पावणेतीन पटींहून अधिक असतो. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघातांचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वाहनपरवान्याच्या परीक्षेत चिन्हे पाठ आहेत की नाहीत हे पाहिले जाते. हे गणित कोणी विचारत नाही.

समाजात जाऊन केलेल्या कामाचे तोंड फिरले की काय होते, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण नेदरलँड्सचे आहे. आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जाणारा हा देश दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींच्या मागे लागला होता; शहरांतील जुन्या वस्त्या पाडून रस्ते रुंद केले जात होते आणि सायकल ही जुन्या काळाची खूण समजली जात होती. १९७१ साली तेथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्याच वर्षी फिक लांगेनहोफ या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी अपघातात गेली. त्याने १९७२ मध्ये ‘दे टाइट’ या वृत्तपत्रात लिहिलेल्या लेखाचे शीर्षक होते ‘बालहत्या थांबवा’ आणि त्याच नावाची चळवळ देशभर उभी राहिली. शब्दाची निवड येथे निर्णायक ठरली. ‘अपघात’ म्हटले की घटना दैवाच्या खात्यात जमा होते. ‘हत्या’ म्हटले की कर्ता कोण, असा प्रश्न उभा राहतो.

या चळवळीने पालकांना मुलांचा हात घट्ट धरण्याचा सल्ला दिला नाही. तिने रस्ते अडवले, मुलांना तेथे खेळू दिले आणि रस्त्यातच जेवणाची टेबले मांडून शेजाऱ्यांच्या पंगती बसवल्या. तिची पहिली अध्यक्ष मार्ट्ये फान पुटेन ही तरुण आई पुढे युरोपीय संसदेची सदस्य झाली. सरकारने या चळवळीला अनुदान दिले, तिने कार्यालय थाटले आणि वस्तीतल्या रस्त्यांचे पर्यायी आराखडे मांडले. डेल्फ्ट शहरात ज्याचे प्रयोग सुरू होते त्या ‘वोनेर्फ’ला, म्हणजे ‘राहते अंगण’ ठरवलेल्या रस्त्याला, १९७६ मध्ये कायद्याची मान्यता मिळाली. अशा रस्त्यात वाहनाला मनाई नसते, पण झाडे, वळणे आणि उंचवटे असे रचलेले असतात की चालकाला माणसाच्या चालीनेच जावे लागते. याला ‘वेगशमन’ म्हणतात: वेग पाटीने नव्हे, रचनेने उतरवणे. १९७३ च्या तेलसंकटात मोटारविरहित रविवार पाळावे लागल्याने शांत रस्ता कसा असतो याचा अनुभव साऱ्या देशाला आला, हाही या चळवळीच्या पथ्यावर पडलेला योग होता. २०२३ साली नेदरलँड्समध्ये रस्त्यांवरील मृत्यू ६८४ होते. या घटीत सीटबेल्ट, मद्यपानाविरुद्धचे कायदे आणि सुधारलेले वैद्यकीय उपचार यांचाही वाटा आहे, आणि चित्र निष्कलंकही नाही: २०२२ मध्ये मेलेल्या ७४५ जणांपैकी २९१ सायकलस्वार होते. शिकवणीचे म्हणावे तर ती तेथेही बंद झालेली नाही. प्राथमिक शाळेच्या अखेरच्या वर्षांत डच मुले वाहतुकीची परीक्षा देतात. फरक इतकाच, की ज्या रस्त्यासाठी त्यांची परीक्षा होते त्या रस्त्याची परीक्षा आधी झालेली असते.

कोलंबियाची राजधानी बोगोटा येथील प्रयोग अधिक नाट्यमय होता. गणित आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असलेले आंतानास मोकुस १९९५ मध्ये महापौर झाले, तेव्हा त्यांनी चौकांत मूकाभिनय करणारे नट उतरवले. झेब्रा पट्ट्यांवर गाडी चढवणाऱ्या चालकाची हे नट न बोलता नक्कल करत आणि पाहणारे हसत. आरंभी वीस असलेले हे नट पुढे चारशेवर गेले. दंडाला न भिणारा माणूस हशाला भितो, हे मोकुस यांचे निदान होते. नागरिकांना साडेतीन लाख कार्डे वाटली गेली. त्यावर एका बाजूला शाबासकीचा अंगठा, तर दुसऱ्या बाजूला खाली वळलेला अंगठा होता आणि तो चुकार चालकाला शांतपणे दाखवायचा होता. जेथे पादचारी मेला तेथे रस्त्यावर तारा रंगवला गेला. पुढील दहा वर्षांत बोगोटातील रस्त्यांवरचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. त्याचे सगळे श्रेय नटांना देणे भाबडेपणाचे होईल, कारण याच काळात तेथे रुंद पदपथ बांधले गेले, नवी बससेवा आली आणि मद्यालये लवकर बंद होऊ लागली. तरीही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की येथे पथनाट्य होते, पण त्याचा प्रेक्षक पादचारी नव्हता.

महाराष्ट्रात या दिशेने काही पावले पडली आहेत आणि त्यांत पुण्याचे उदाहरण बोलके आहे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या या शहरात ‘परिसर’सारख्या संस्था अनेक वर्षे पादचारी आणि सार्वजनिक वाहतुकीची बाजू मांडत आल्या आहेत. महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. २०२१ पासून दर ११ डिसेंबरला ‘पादचारी दिन’ म्हणून लक्ष्मी रस्त्याचा गजबजलेला भाग वाहनांसाठी बंद ठेवला जातो आणि एरवी अंग चोरून चालणारी माणसे तेथे रस्त्याच्या मधोमध फिरतात. याच शहरात २०१७ अखेरीस गाजावाजाने आलेल्या भाडे-सायकली मात्र थोड्याच वर्षांत नाहीशा झाल्या. सायकली रस्त्यावर होत्या, पण सायकलींना रस्ता नव्हता.

नियमांची वानवा नाही, हे भारतातील परिस्थितीचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निवासी भागातील पदपथावर चालण्यासाठी सलग १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, कारण त्यातून चाकांच्या दोन खुर्च्या समोरासमोर पार होऊ शकतात. पदपथाची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नसावी, कारण त्याहून उंच पायरी वृद्धांना रस्त्यावर उतरायला भाग पाडते. पदपथाचे तीन पट्टे कल्पिलेले असतात: दुकानांलगतचा दर्शनी पट्टा, मधला चालण्याचा पट्टा आणि रस्त्याकडेचा साहित्याचा पट्टा, ज्यात दिव्याचे खांब, झाडे आणि विजेच्या डी.पी. राहाव्यात. प्रत्यक्षात हे तिन्ही पट्टे एकमेकांत मिसळतात आणि मधला पट्टा सर्वांत आधी नाहीसा होतो. दोष बहुधा फेरीवाल्यावर ठेवला जातो; पण पदपथावर चढवलेल्या दुचाकी आणि मोडलेले पेव्हर ब्लॉक मोजले तर तक्रारीचा रोख कदाचित बदलेल. २०१७ च्या वाहनचालन विनियमांनुसार सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांपाशी चालकाने वेग कमी करून पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या १९८अ या कलमाने, रस्त्याच्या आखणीतील किंवा देखभालीतील कसुरीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला अथवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर वापरण्याजोगा पदपथ हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. जनजागृतीच्या पत्रकांत या तिन्ही गोष्टी अभावानेच आढळतात.

म्हणूनच समाजात करावयाच्या कामाचे सर्वांत उपयोगी रूप ‘पादचारी परीक्षण’ हे आहे. एखाद्या शाळेच्या किंवा बाजाराच्या आसपासचा अर्धा-एक किलोमीटर रस्ता तेथील रहिवाशांनी, मुलांनी, वृद्धांनी आणि शक्य तर अभियंत्यालाही बरोबर घेऊन पायी चालायचा आणि प्रत्येक अडथळा नकाशावर नोंदवायचा, एवढीच त्याची पद्धत आहे. मोजायचे काय, तर पदपथाची मोकळी रुंदी, उघडी झाकणे, बंद दिवे, पुसलेल्या पट्ट्या आणि सिग्नलची वेळ. ही शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. धडधाकट माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असे गृहीत धरल्यास १४ मीटर रुंद रस्ता ओलांडायला १२ सेकंद पुरतात, पण सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजीबाईंना साडेसतरा लागतात. मधले साडेपाच सेकंद त्यांनी कोठे काढायचे, याचे उत्तर आराखड्यात नसते. ते आजीबाईंनाच ठाऊक असते, कारण त्या रोज दुभाजकाला धरून उभ्या राहतात. अशी माहिती तज्ज्ञाकडे नसते आणि म्हणून येथे शिकवणारा आणि शिकणारा यांच्या जागा बदलतात.

ग्रामीण भागात प्रश्नाचे रूप वेगळे आहे आणि शहरी चर्चेत ते सहसा येत नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात आणि मुलींचे शिक्षण टिकवण्याचा तो उत्तम मार्ग आहे. पण ज्या रस्त्यावरून ही सायकल जाते त्याला अनेकदा धड साइडपट्टीही नसते, म्हणजे डांबराच्या कडेला वाहन टाळून उतरता येईल अशी मुरुमाची सपाट पट्टी नसते. डांबराचा थर वर्षागणिक चढत जातो, कड उंच होते आणि मागून ट्रक आला की सायकलीला उतरायला जागा उरत नाही. ऊसगाळपाच्या हंगामात बैलगाड्यांना आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना परिवहन खाते आणि पोलीस रिफ्लेक्टर लावतात; तोच लाल तुकडा सायकल वाटपाच्या वेळी मागच्या मडगार्डवर आहे का, हे पाहायला खर्च जवळजवळ येत नाही. चालणाऱ्याला ध्यानात घेऊन महामार्ग आखला जाऊ शकतो याचा दाखलाही महाराष्ट्रातच आहे: नोव्हेंबर २०२१ मध्ये पायाभरणी झालेल्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणात वारकऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र चालपट्टी धरलेली आहे. वारकरी लाखांनी चालतात आणि त्यांच्या चालण्याला नाव आहे, म्हणून हे घडले. रोज शाळेला चालणाऱ्या मुलांची संख्याही काही थोडी नाही.

अपघात घडून गेल्यानंतरची माहिती हाही या कामाचा दुर्लक्षित भाग आहे. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाचा शोध न लागल्यास १ एप्रिल २०२२ पासून मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये भरपाई मिळते. पूर्वी या रकमा पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होत्या. या योजनेत अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे किंवा तहसीलदाराकडे जातो आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्याच्या पातळीवर होते. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी दायित्व येत नाही, असे संरक्षण मोटार वाहन कायद्याच्या १३४अ कलमाने दिलेले आहे. रात्री पायी घरी निघालेल्या मजुराच्या कुटुंबाला तहसील कार्यालयाचा हा रस्ता ठाऊक असणे, ही झेब्रा पट्ट्यांच्या चित्राइतकीच गरजेची जागृती आहे.

येत्या जानेवारीत शाळांमध्ये घोषवाक्य आणि चित्रकला स्पर्धा ठरतील, तेव्हा शिक्षकांनी आणि पालकांनी त्यांतील एक दिवस वेगळा काढावा, मुलांच्या हाती मोजपट्टी आणि वही द्यावी, शाळेच्या फाटकापासून पहिल्या चौकापर्यंतचा पदपथ त्यांच्याकडून मोजून घ्यावा आणि जेथे तो १.८ मीटरहून कमी भरेल त्या प्रत्येक जागेची यादी मुलांच्या सह्यांसह महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात आवक क्रमांक घेऊन द्यावी.